280 किलोमीटरला तासभर कसा? विमानाच्या वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

जालन्याहून भाच्याचा फोन आला. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून पहिल्यांदाच विमानानं मुंबईला निघालेला. "मामा, चिकलठाण्याहून मुंबई 280 किलोमीटर दाखवतंय. विमान ताशी आठशेनं पळतं. म्हणजे एकवीस मिनिटं झाली की! मग तिकिटावर तासाच्या वर कसं काय?"

भागाकार बरोबर होता, पण इथं भागायचंच नसतं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलतं तिथून सुरू होते आणि मुंबईत पुन्हा जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढण, उतरण, वर गर्दी असली तर चार घिरट्या, सगळं त्यातच. आठशेचा वेग उंचावर गेल्यावरचा, आणि एवढ्या जवळच्या फेरीत तो मिळतो काही मिनिटंच. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर तोही पाचशेच्या आसपास. दिल्ली चिकलठाण्याहून सुमारे 980 किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीनपट. वेळ मात्र दुपटीच्या आसपासच लागतो.

दुसरी गफलत मैलांची. विमानवाल्यांचा मैल सागरी, 1.852 किलोमीटरचा. मुंबईचं अंतर त्यात 151 भरतं. त्याला रस्त्यावरच्या मैलाच्या 1.609 नं गुणलंत तर 243 किलोमीटर येतात आणि सदतीस किलोमीटर हवेत विरतात.

काही ठिकाणी वेळ 2.25 तास अशी लिहिलेली असते. ते दोन तास पंचवीस मिनिटं नव्हे, सव्वादोन तास. पाव, अर्धा, पाऊण आपल्या जिभेवर असताना ही चूक आपण तरी करू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ दुबईचा. मुंबईहून सकाळी 10 ला निघालेलं विमान तिथं 11:45 ला पोचतं असं दिसलं, की घरचे खूश, पावणेदोन तासांत दुबई! येताना 10 ला निघून दुपारी 2:15, तर म्हणे सव्वाचार तास. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. खरा प्रवास जाताना सव्वातीन तास, येताना पावणेतीन. हा अर्धा तास वाऱ्याचा. वर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा वारा येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त.

तिकीट शोधताना शहराच्या नावावर अडू नका. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी विमानतळाचा कोड आयएक्सयूच आहे. मुंबईला आता नवी मुंबईचंही विमानतळ आहे, तेव्हा कुठं उतरणार ते तिकिटावर बघाच.

आणि घरापासूनचा रस्ता धरा. हिंगोली-परभणीकरांनी नांदेडचं विमान आधी बघावं. जालनेकर नशीबवान, चिकलठाणा जालना रोडवरच असल्यानं शहरात शिरायची कटकट नाही. तरी विमानतळावरचा चेक-इन काउंटर विमान सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतो, हे भाच्याला दोनदा सांगितलं.

"मग बदनापूरला चहाला थांबलं तर चालेल ना?"

म्हटलं, चहा विमानतळावर घे. महाग मिळेल, पण तिथंच घे.