उंच इमारतीतील फीडर केबल : या चुका टाळा

मुख्य पॅनेलपासून वरच्या मजल्यांकडे वीज नेणारी फीडर केबल अँपिअरचा तक्ता (कोणत्या आकाराची केबल किती प्रवाह वाहू शकते ते सांगणारा) पाहून निवडणे ही उंच इमारतींच्या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. केबल तापत नाही, ब्रेकरही पडत नाही, तरीही विसाव्या मजल्यावर व्होल्टेज कमी पडते, कारण त्या तक्त्यात लांबीचा हिशेब नसतो. शिवाय नकाशावरून लांबी काढताना शाफ्टमधील (केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतील) चढ सुटतो; वीस मजल्यांचा तो चढच सुमारे ६० मीटर भरतो.

पुढची चूक आकडेमोडीची आहे. २४० चौ. मिमी अ‍ॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला ०.१२५ ओहम धरला जातो, पण तो २० अंश सेल्सिअसचा असतो. एक्सएलपीई (एक प्रकारचे प्लास्टिक आवरण असलेली) केबल ९० अंशांवर चालते तेव्हा तो ०.१६० होतो. २०० अँपिअर, १२० मीटर, ०.८५ पॉवर फॅक्टर (प्रवाहाचा किती भाग प्रत्यक्ष कामी येतो त्याचे प्रमाण) आणि किलोमीटरला ०.०७२ ओहम रिअ‍ॅक्टन्स (एसी प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा अडथळा) धरल्यास ड्रॉप, म्हणजे केबलमध्ये घटणारे व्होल्टेज, ६ व्होल्टऐवजी ७.२ व्होल्ट येतो.

यावर उपाय म्हणून थेट ४०० चौ. मिमीची केबल घेतली जाते. आकार ६७ टक्क्यांनी वाढतो, पण रिअ‍ॅक्टन्स जवळपास तेवढाच राहिल्याने ड्रॉप सुमारे ३० टक्केच घटतो. सारख्या लांबीच्या २४०च्या दोन केबली समांतर टाकल्यास तो निम्म्यावर येतो, म्हणून मोठ्या भारासाठी मी हाच मार्ग सुचवेन. थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू होणाऱ्या फायर पंपाच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे: सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या सहापट असतो, पॉवर फॅक्टर फार कमी असतो, म्हणजे रिअ‍ॅक्टन्सच वरचढ ठरतो, आणि व्होल्टेज १० टक्के घटले की मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ८१ टक्क्यांवर येतो.

सार्वजनिक लघुदाब पुरवठ्यासाठी आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये सुचवलेली ड्रॉपची मर्यादा दिव्यांसाठी ३ आणि इतर वापरासाठी ५ टक्के आहे. ती शेवटच्या पॉइंटपर्यंतची एकूण मर्यादा असल्यामुळे एकट्या फीडरने ती संपवली, तर मजल्यावरील वायरिंगसाठी काहीच उरत नाही.

तक्रार आल्यावर फक्त वरच्या पॅनेलवर मीटर लावून निष्कर्ष काढू नये. भार चालू असताना दोन्ही टोकांचे व्होल्टेज आणि प्रवाह एकाच वेळी मोजावेत. फरक हिशेबापेक्षा जास्त निघाला, तर केबल बदलण्याआधी पुरवठा बंद करून लग (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा जोडतुकडा), क्रिंपिंग (तो दाबून घट्ट बसवणे) आणि तांब्याच्या बसबारवरील (पॅनेलमधील प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवरील) अ‍ॅल्युमिनियमचे जोड तपासावेत.