भौतिकशास्त्राची गणितं सोडवताना या चुका टाळा

गणित समोर आलं की नववी-दहावीची मुलं आधी सूत्र शोधतात. काय घडतंय हे नीट वाचायच्या आतच आकडे सूत्रात बसवलेले असतात, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

हे गणित बघा. ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणारी एसटी ब्रेक लावल्यावर 5 सेकंदांत थांबते, तर त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, किती? कितीतरी वह्यांत 72 ला सरळ 5 ने भागून 14.4 लिहिलेलं असतं. वेग तासाच्या हिशोबात, वेळ सेकंदात. मग मेळ बसणार कसा? आधी 72 ला 3.6 ने भागा, म्हणजे वेग सेकंदाला 20 मीटर येईल. आता त्वरण उणे 4 मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि सरासरी वेग 10 धरला तर थांबेपर्यंत गाडी 50 मीटर गेली.

उत्तर आलं की ते डोळ्यांसमोर आणायचं. 14.4 म्हणजे वरून पडणाऱ्या दगडाच्या 9.8 या त्वरणापेक्षाही जास्त! एवढ्या जोरात एसटी थांबली तर उभे असलेले प्रवासी थेट ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत जातील. उणे चिन्हही गाळू नका. त्वरण गतीच्या उलट दिशेला आहे, हे तेच सांगतं.

वर फेकलेल्या चेंडूचं त्वरण सर्वांत उंच ठिकाणी शून्य लिहिणारेही खूप. शून्य असतो तो वेग. त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. आणि 50 किलो हे वस्तुमान, वजन म्हणजे त्याला 9.8 ने गुणून येणारे 490 न्यूटन. हे एकदा पाठच करून टाका.

रोजच्या गोष्टींचं कारण देताना दिसायला सारख्या गोष्टींना एकच कारण चिकटवलं जातं. गार पाण्याचा स्टीलचा तांब्या बाहेरून ओला होतो, माठही ओला असतो. मग म्हणायचं, पाणी झिरपलं. तांब्यात चिमूटभर हळद घालून बघा. बाहेरचे थेंब स्वच्छच राहतात, कारण ते हवेतल्या बाष्पाचे आहेत. माठाचं पाणी मात्र खरंच आतून झिरपतं आणि वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात माठ छान गार राहतो, आणि कोकणात भर पावसाळ्यात तोच माठ ओलाचिंब असूनही पाणी जेमतेम गार होतं. तांब्यावर बाष्पाचे थेंब होताना उलट उष्णता बाहेर पडते, त्यामुळे त्याच्यातलं गार पाणी आणखी लवकर कोमट होतं.