‘चालेल’ नेमकं कशाला? दोन चॅट जोडताना शिकलेलं

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बर लोकल पकडून ऐरोलीला नोकरीला जाऊ लागले, तेव्हा आमच्या कंपनीने नुकतीच दुसरी एक कंपनी घेतली होती. ऑफिसातल्या चॅटसाठी आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट टीम्स हे ॲप, त्यांच्याकडे स्लॅक. वरून निरोप आला: एकच काय ठेवायचं ते नंतर ठरवू, तोवर दोन्ही जोडून द्या. काम माझ्याकडे आलं.

दोन-तीन दिवसांत मेसेज इकडून तिकडे जायला लागले आणि मला वाटलं, झालं. मग महापेच्या गोदामातून फोन आला. “ताई, तुमच्या ऑफिसातले साहेब ‘चालेल’ म्हणतायत. पण कशाला चालेल?”

गोदामाने दोन प्रश्न विचारले होते: माल आज पाठवू का, आणि दुसरी गाडी उद्यावर ढकलू का. साहेबांनी टीम्समध्ये एका प्रश्नाच्या खाली, थ्रेडमध्ये, उत्तर दिलं होतं. माझ्या बॉटने, म्हणजे मेसेज इकडून तिकडे नेणाऱ्या प्रोग्रामने, ते उचलून स्लॅकच्या चॅनलमध्ये सगळ्यात खाली सुटं टाकलं. त्याच आठवड्यात याहून वाईट घडलं. ऑफिसने ‘40 खोकी’ लिहिलं आणि चूक लक्षात येताच ते सुधारून 14 केलं. मेसेज सुधारला की टीम्स बॉटला ते वेगळं कळवतं. मी फक्त नवे मेसेज ऐकत होते. गोदामात 40 च दिसत राहिले. खोकी गाडीत चढली आणि 26 परत उतरवावी लागली. ती उतरवणाऱ्या माणसांचा यात काहीही दोष नव्हता, हे मला आजही लागतं.

म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना सांगते: मजकूर पोचवणं सोपं आहे, त्याच्याभोवतीचा संदर्भ पोचवणं हेच खरं काम. प्रत्येक मेसेजचा इकडचा आणि तिकडचा आयडी एका टेबलमध्ये जोडीने ठेवा. स्लॅकमध्ये थ्रेडमधल्या उत्तरासोबत मूळ मेसेजचा टाइमस्टॅम्प, म्हणजे तो पडल्याची नेमकी वेळ, येतो. त्यावरून टीम्समधला जोडीदार शोधून उत्तर त्याच्याच खाली लावता येतं. सुधारणा आणि डिलीट याच टेबलावरून पोचवा. कुणी चुकून पगाराचा आकडा टाकून पुसला, आणि दुसरीकडे तो तसाच राहिला, तर तुमच्या पुलावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणखी दोन खड्डे. स्लॅकला तीन सेकंदांत ‘मिळालं’ असं उत्तर गेलं नाही, तर ते तोच इव्हेंट (नवा मेसेज आल्याची सूचना) पुन्हा पाठवतं आणि एक मेसेज दोनदा पडतो. आधी पोच द्या, काम मागून करा. दुसरं, बॉटने स्वतःचाच मेसेज नवा समजून परत पाठवला की दोन्हीकडे कधी न थांबणारी रांग लागते. स्वतःचा आयडी ओळखून तो गाळा.

माणसांची ओळख हा सगळ्यात किचकट भाग. ऑफिसातल्या लोकांची खाती ईमेलवरून जुळतात. गोदामातल्या कंत्राटी कामगारांना कंपनीचा ईमेलच नसतो. एका शिफ्टचे चौघे एकाच फोनवर एकच लॉगिन वापरतात. त्यात बॉटने टीम्समध्ये टाकलेला मेसेज बॉटच्याच नावाने दिसतो, त्यामुळे मजकुराच्या आधी माणसाचं नाव घालावं लागतं. ही यादी एचआरकडून मागवू नका, शिफ्ट बदलताना स्वतः जाऊन बनवा.

प्लॅटफॉर्म निवडायच्या बैठकीत तुम्हाला बसवलं, तर किमतीच्या पलीकडचं बोला. फुकटच्या स्लॅकमध्ये 2022 पासून 90 दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत. मॅटरमोस्ट हे चॅट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं, पण मग रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर उठायचंही आपणच. मॅट्रिक्स हा वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलावेत म्हणूनच बनलेला खुला प्रोटोकॉल, म्हणजे संवादाची ठरलेली पद्धत, आहे. फ्रान्स सरकारचं त्चाप (Tchap) हे मेसेंजर त्यावर चालतं. दुसऱ्याच्या दारातून जाणारी वाट कधीही बंद होऊ शकते, हेही मांडा. स्लॅकने 2018 मध्ये आयआरसी आणि एक्सएमपीपी या जुन्या चॅट प्रोटोकॉलची दारं बंद केली. टीम्सने 2024 मध्ये जुने कनेक्टर (बाहेरच्या सिस्टिममधून टीम्समध्ये मेसेज टाकणारे दुवे) बंद करणार असं जाहीर केलं, तेव्हा त्यांवर उभे असलेले आमचे अलर्ट हलवण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या.

शिकायला क्लास लागत नाही. लॅपटॉपवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवण्याचं साधन) मॅटरमोस्ट चढवा, फुकटचं स्लॅक वर्कस्पेस उघडा, दोघांत एक चॅनल जोडा. मग थ्रेडमध्ये उत्तर द्या, सुधारा, पुसा, मध्येच नेट बंद करा, आणि काय मोडतं ते लिहून ठेवा. मुलाखतीत मी उमेदवाराकडे हीच वही मागते.

त्या प्रकारानंतर एका शनिवारी मी महापेला गेले. सुपरवायझर काका हातमोजे घालून माल मोजत होते, फोन शर्टाच्या खिशात. वाजला की ते फक्त नोटिफिकेशनची पहिली ओळ वाचत. ॲप उघडतच नसत. सुधारलेला मेसेज पुन्हा वाजत नाही, म्हणजे मी तो बिनचूक पोचवला असता तरी काकांना कळलाच नसता. सोमवारी मी बदल केला. आता आकडा सुधारला की नवा मेसेज जातो: ‘बदल: 40 नाही, 14 खोकी’. आणि थ्रेडमधल्या उत्तराच्या आधी मूळ प्रश्न येतो: ‘गाडी उद्यावर ढकलू का? – चालेल’.