थंडीत पळायला निघण्याआधी

गारठ्यात व्यायामाला निघताना आधी घामाचा बंदोबस्त करायचा, थंडीचा नंतर. पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. म्हणून धावतोय तोवर थंडी फारशी जाणवत नाही. थांबलं की ही भट्टी मंदावते, पण अंगावरचा घाम वाळतच राहतो आणि वाळताना ऊब घेऊन जातो. बहुतेक लोक काकडतात ते इथे.

कपडे आदल्या रात्रीच काढून ठेवा. अंगालगत सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं. आत पॉलिएस्टरचा किंवा बारीक लोकरीचा अंगाबरोबर बसणारा थर, त्यावर ऊब धरणारा, आणि वारा-पाऊस असेल तरच वरून विंडचीटर. बाहेर पडल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच छान उबदार वाटलं, तर एक थर जास्त झालाय. पुढची चेन घाम फुटायच्या आधी खाली ओढायची, फुटल्यावर ओढून उपयोग नाही.

गारठा लागताच कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त आतल्या अवयवांकडे वळतं. पहिला फटका बोटं, कान आणि नाकाला. हातमोजे चारही बोटं एकत्र राहतील असे असले तर जास्त ऊब देतात. मोज्यांचे दोन जोड चढवून बूट आवळत असेल तर एकच जोड बरा. नाड्या बांधून आत बोटं हलतात का पाहा. डोक्यातून निम्मी उष्णता जाते हा हिशेब चुकीचा आहे, जाते ती साधारण दहावा हिस्सा. कानटोपी तरीही हवीच, कानांसाठी.

वाहिन्या आवळल्या की लघवीही जास्त होते, तहान मात्र मंदावते. तासाभराहून जास्त वेळ जाणार असाल तर कोमट पाण्याची बाटली जाकिटाच्या आत ठेवा. तापमान शून्याखाली असेल तर ती उलटी ठेवावी: बर्फ वरून धरायला लागतो, मग तोंड मोकळं राहतं. दारू नकोच. तिने कातडीकडच्या वाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि आतली उष्णता निसटते.

थंड स्नायू सावकाश आकुंचन पावतो आणि जोरही कमी लावतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं घरातच वॉर्म-अप करा आणि घाम फुटायच्या अलीकडे थांबा. थंड हवेने फुफ्फुसं गोठत नाहीत, हवा वाटेतच तापते. त्रास होतो तो कोरडेपणाचा. दमा असेल तर नाकातोंडावर मफलर घ्या आणि डॉक्टरांनी सांगितला असेल तो पंप आधी मारा. गारठ्यात रक्तदाब चढतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये.

रस्ता असा ठरवा की जाताना वारा समोरून येईल आणि परतताना, म्हणजे कपडे ओलसर झालेले असताना, पाठीवर येईल. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २७ अंशांच्या आसपास गेलं, तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. त्या दिवशी घरातच व्यायाम करा.

वाटेत अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून पाहा. जमेना, चेन लावता येईना, बोलणं अडखळायला लागलं, की लगेच आडोशाला जा: शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली चाललं असण्याची शक्यता असते. अंग गारच असताना हुडहुडी आपोआप थांबली तर ते त्याहून वाईट, तेव्हा दवाखानाच गाठायचा. कातडी पांढरीफटक आणि बधिर झाली तर चोळू नका, हीटरसमोरही धरू नका; बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा, पण पुन्हा गोठायची शक्यता उरली नसेल तेव्हाच.

पिशवीत सगळ्यात वर कोरडं बनियन, कानटोपी आणि मोजे. थांबल्यावर आधी ते बदलायचे. गप्पा आणि चहा त्यानंतर.