अक्राला निघताय? मग आधी ते पिवळं कार्ड

घानाला, म्हणजे त्याच्या राजधानीला अक्राला जायचं ठरलं की घरात आधी चर्चा सुरू होते मेतकूट किती आणि भडंग किती, पण बॅग राहू दे बाजूला, पहिल्यांदा यलो फीव्हरच्या लशीची अपॉइंटमेंट घ्या. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरलाच मिळते, तीही ठरलेल्या वारी, आणि मुख्य म्हणजे सर्टिफिकेट, म्हणजेच ते पिवळं कार्ड, लागू होतं लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. मी शहाणा, आठ दिवस आधी घेतली, मग तिकीट पुढे ढकलताना जो फरक भरला त्यात इकडे चार दिवस महाबळेश्वर झालं असतं. एकदा घेतली की आता जन्मभर चालते म्हणून कार्ड जपा, त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला आधीच सांगा. हे कार्ड फक्त तिकडे उतरताना दाखवायचं असं समजू नका, परत येताना आपलेच लोक मागतात आणि नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच फेरीत विचारून टाका, काही गोळ्या निघायच्या आधी सुरू करून परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, आणि डास घालवायचं क्रीम विसरू नका.

कधी जायचं? मे-जून शक्यतो नको, तिकडचा मुख्य पाऊस तेव्हा असतो आणि शहर तुंबतं, 2015 च्या 3 जूनला तर पूर आणि पेट्रोल पंपाचा स्फोट एकाच रात्री होऊन दीडशेच्या वर माणसं गेली. डिसेंबर-जानेवारीत हरमॅटन, म्हणजे सहाराकडून धूळ घेऊन येणारा कोरडा वारा, आभाळ मळकट दिसतं, ओठ फुटतात, व्हॅसलीन न्या म्हणजे झालं.

कपडे सुतीच. पण ती मिलिटरी छापाची कार्गो पँट असेल ना, ती घरीच ठेवा, घानात सिव्हिलियन माणसाने कॅमोफ्लाज घालणं बेकायदेशीर आहे. प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या, आणि पॉवर बँक घ्याच, कारण लाइट जाते. लोडशेडिंगला तिकडे शब्दच आहे, डमसोर, म्हणजे बंद-चालू. आपल्याला काय नवीन?

पैशाचं म्हणाल तर चलन सेडी, एटीएमला व्हिसा कार्ड चालतं, पण खरी चणचण सुट्ट्यांची. मोठी नोट दिली की माकोला मार्केटातली बाई आपल्याकडे अशी बघते की आपणच चूक केली, त्यामुळे एटीएममधून आलेली नोट पहिल्या दुकानात मोडून घ्यायची सवय लावा. आणि पैसे उजव्या हातानेच द्या, डावा हात पुढे केलेला तिकडे अपमान वाटतो, हे आपल्याला निदान शिकवावं लागत नाही. सिमकार्डाला पासपोर्ट लागतो, तो घेऊनच दुकानात जा.

फिरायला ट्रोट्रो, म्हणजे आपलं वडापच, फक्त मिनीव्हॅनमधलं. दारात लटकलेला पोऱ्या, त्याला मेट म्हणतात, 'सर्क-सर्क-सर्क' ओरडत बोट गोल फिरवतो, म्हणजे गाडी सर्कलला, अक्रातल्या मोठ्या चौकाला, चाललीय. पैसे पुढच्या रांगेतून हातोहात जातात आणि सुट्टे तसेच परत येतात. सिग्नलला डोक्यावर घमेलं घेतलेल्या बायका 'प्युअर वॉटर' विकतात, अर्ध्या लिटरची पिशवी असते, कोपरा दाताने फाडून प्यायची, पहिल्यांदा शर्ट भिजतोच.

शाकाहारी मंडळींनो, हे नीट वाचा. 'नो मीट' म्हणून भागत नाही, मासा मीटमध्ये धरतीलच असं नाही. वाचे, म्हणजे ज्वारीच्या पानांबरोबर शिजवलेला तांबूस भात आणि चवळी, दिसायला निष्पाप, पण वर ती काळी शितो चटणी पडते तिच्यात सुकी मासळी आणि सुकट असते, म्हणून 'नो फिश, नो शितो' दोन्ही म्हणायचं. केलेवेले, आलं-मिरची लावून तळलेली पिकली राजेळीसारखी केळी, ती बिनधास्त खा, मी तर रोज रात्री तीच खाल्ली. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन, केंके घ्या, आंबवलेल्या मक्याचा गोळा, त्याचा आंबूसपणा आंबोळीच्या जवळचा, सोबत तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा.

केप कोस्ट आणि एल्मिनाचे किल्ले बघायचे असतील तर एक पूर्ण दिवस राखून ठेवा, अक्राहून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास पण वाटेतल्या कासोआ गावाच्या ट्रॅफिकमध्ये अंदाज चुकतो, भल्या पहाटे निघा. एल्मिना पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधला, पुढे तिथूनच गुलाम जहाजावर चढवले. तळघरात उभं राहिल्यावर फोटो काढायची इच्छा होत नाही, त्या दिवशी संध्याकाळी दुसरा काही प्लॅन ठेवू नका.

आणि एक फुकटचं काम, आपण कुठल्या वारी जन्मलो ते आईला विचारून ठेवा. तिकडे अकान लोकांत वारावरून नाव असतं, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, म्हणजे यूएनचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आणि घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा कुठल्या वारचे ते कळलंच. मी गुरुवारचा, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गेस्टहाऊसच्या वॉचमनकाकांनी मला 'याव' म्हणायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत, खरं नाव त्यांनी विचारलंच नाही.