किल्ल्यांचा जुडगा हाती आल्यावर: मनोरुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

मनोरुग्णालयात रुजू झालात की पहिल्याच पाळीला कुणीतरी तुमच्या हातावर किल्ल्यांचा जुडगा ठेवतं. जनरल वॉर्डातून बदलून आलेल्या अधिपरिचारिकेला तो जड लागतो, आणि लागायलाच हवा. मी या वॉर्डांमध्ये २८ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून. नव्या मुलामुलींना मी आधी तो जुडगा दाखवायची, औषधांची ट्रॉली नंतर. इथं रोज आपण माणसाकडून काहीतरी काढून घेतो. बाहेर जायची मोकळीक, मोबाइल, पायजम्याची नाडी, कधी 'नको' म्हणायचा हक्कसुद्धा. म्हणून घेण्याआधी विचारायचं, घेताना कारण सांगायचं, घेतल्यावर लिहायचं. आपल्या कामातली नीती म्हणजे मला एवढंच समजतं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याची एक प्रत ड्यूटी रूममध्ये ठेवा. निदान कलम ४, कलम २० ते २८ आणि ९४ ते ९७ वाचल्याशिवाय रात्रपाळी एकट्याने घेऊ नका. भाषा किचकट आहे, पण दोन रात्रींत वाचून होतं.

नाव, केस, कपडे

पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारा, 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना 'ए मावशी' म्हणत आणि त्या तोंड फिरवत. 'बाई' म्हटल्यावर उठून बसल्या, आपलं ताट आपण उचललं. बेड नंबरने हाक मारणं तर अजिबात नको.

केसांत उवा झाल्या म्हणून सरसकट डोकं भादरायची पद्धत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. कायद्याच्या कलम २० ने सक्तीने केस काढायला मनाई केली आहे. पर्मेथ्रिनचं लोशन, बारीक दातांची फणी आणि एक मोकळी दुपार एवढ्यात काम होतं. आठवड्याने पुन्हा एकदा करावं लागतं, कारण अंडी राहिलेली असतात. त्याच कलमात स्वतःचे कपडे घालायची मुभा आहे आणि पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू पुरवायची जबाबदारीही संस्थेवर आहे. स्टोअरमध्ये पॅड संपलेत असं ऐकलंत तर तोंडी कुरकुर करू नका. मागणीपत्र लिहा, तारीख घाला, पोच घ्या.

संमती म्हणजे अंगठा नव्हे

एखाद्याला मानसिक आजार आहे म्हणजे त्याला निर्णय घेता येत नाही, असं धरून चालायचं नाही. कलम ४ तीन गोष्टी पाहायला सांगतं. उपचाराबद्दल सांगितलेलं त्याला कळतं का, घेतलं तर काय आणि नाही घेतलं तर काय होईल याचा अंदाज त्याला येतो का, आणि आपला निर्णय त्याला कसाही, अगदी खुणेनेसुद्धा, सांगता येतो का. क्षमता माणसागणिक ठरत नाही, निर्णयागणिक आणि वेळेगणिक ठरते. सकाळी भ्रमात असलेला माणूस संध्याकाळी इंजेक्शनबद्दल नीट बोलू शकतो. आणि त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो म्हणून त्याची क्षमता नाही, असं होत नाही.

लिथियमवर (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) असलेल्या एका बाईंनी रक्त द्यायला नकार दिला. चार्टवर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'असहकार्य करते'. मी शेजारी बसून विचारलं. म्हणाल्या, 'मागच्या खेपेला पाच ठिकाणी टोचलं आणि वर मलाच ओरडले.' मग आम्ही ठरवलं, की हात चांगला असलेल्या सिस्टरची पाळी असेल तेव्हाच रक्त घ्यायचं. ती पाळी सकाळची होती, त्यामुळे रात्रीच्या डोसनंतरचे बारा तासही जमून आले, जे लिथियमच्या पातळीसाठी लागतातच. 'असहकार्य' हा शब्द लिहायचा मोह झाला की आधी 'का' विचारलंत का, ते स्वतःला विचारा.

चहातलं औषध

इथं जरा थांबते, कारण या बाबतीत मी स्वतः चुकले आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं, एक छोटा खाजगी दवाखाना. पस्तिशीची एक बाई दाखल होती. शेजारीण आपल्यावर करणी करते, असा तिचा पक्का समज. गोळी घेत नव्हती. सासूने पिशवीतून हॅलोपेरिडॉल या भ्रमावरच्या औषधाच्या थेंबांची बाटली काढली. 'घरी आम्ही चहातच देतो, तिला कळतही नाही.' डॉक्टर तोंडी हो म्हणाले. थेंबांना रंग नाही, वास नाही. मी ते चहात घातले आणि कप तिच्या हातात दिला. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी तिची मान एका बाजूला वळून घट्ट झाली, डोळे वर गेले, जबडा आवळला. डिस्टोनिया, म्हणजे औषधाने स्नायू आखडणं. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने थोड्या वेळात उतरला. पण तिच्या लेखी काय झालं होतं ते पाहा. आपण कुठलंही औषध घेतलेलं नाही आणि अचानक मान वाकडी झाली. करणी खरी ठरली! तिचा भ्रम मी माझ्या हाताने पक्का केला. नंतर कुणाकडून तरी तिला चहाचं कळलं, तेव्हा तिने दवाखान्यातलं सगळंच खाणंपिणं सोडलं. नळाला तोंड लावून पाणी प्यायची. मला एकदाच म्हणाली, 'सिस्टर, फक्त तुमच्या हातचा चहा मी घेत होते.'

म्हणून नातेवाईक बाटली घेऊन आले, की हे करा. त्यांना झिडकारू नका. ते थकलेले असतात, रात्र रात्र जागलेले असतात. शांतपणे सांगा, की लपवून दिलेल्या औषधाचा त्रास झाला तर पेशंटला तो सांगता येत नाही, आणि एकदा कळलं की जेवणावरचा आणि तुमच्यावरचा विश्वास एकदमच जातो. मग पेशंटला विचारा, गोळीचा त्रास काय होतो? बहुतेक वेळा उत्तर असतं. हात थरथरतात, एका जागी बसवत नाही, वजन वाढलं, पाळी थांबली, अंगावर दूध यायला लागलं. शेवटच्या दोन गोष्टी रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी होतात आणि बायका लाजेने सांगत नाहीत, तुम्हालाच विचारावं लागतं. पुरुष लैंगिक अडचणीबद्दल बोलत नाहीत, तिथं ब्रदरला पुढे करा. हे सगळं डॉक्टरांपर्यंत पोचवलंत तर डोस बदलतो, औषध बदलतं, महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन त्याच्या संमतीने सुरू करता येतं. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त 'नको' इथंच सुटले.

आणि खरोखरच माणसाची क्षमता नसेल, जिवाला धोका असेल, सपोर्टेड अॅडमिशनमध्ये, म्हणजे स्वतः निर्णय घेता न येणाऱ्याला त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल केलेलं असताना, इच्छेविरुद्ध द्यायची वेळ आली, तरी उघडपणे द्या. समोर उभं राहून सांगा, 'हे अमुक इंजेक्शन आहे, अमुक कारणासाठी देतेय, तुम्ही नको म्हणालात ते मी लिहून ठेवलंय.' जबरदस्तीचं ओझं आपण घ्यावं, पण त्यात फसवणुकीची भर घालू नये. कलम ९४ खालचे तातडीचे उपचार ७२ तासांपुरतेच असतात, आणि त्यात ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्यांचा उपचार, बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

बांधण्याची वेळ

६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथं एका आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ माणसं गेली. त्यांच्या पायांत साखळ्या होत्या, पळता आलं नाही. आज कलम ९५ नुसार साखळी कुठल्याही स्वरूपात चालत नाही. कापडी पट्ट्याने हातपाय रोखायला कलम ९७ परवानगी देतं, पण समोरच धोका असेल आणि तो टाळायचा दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल तेव्हाच, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या अधिकृत परवानगीने. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे एवढ्यासाठी तर नाहीच. हे शेवटचं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. रात्री साठ पेशंटला दोन जणी असताना ते वाचून रडू येतं, मला आलं आहे. तरी पट्ट्याला हात लावू नका. कमी स्टाफचा लेखी अहवाल मेट्रनकडे, म्हणजे अधिसेविकांकडे, द्या.

आधी काय करायचं? गर्दी हटवा. चार-पाच कक्षसेवक भोवती उभे राहिले की भ्यायलेला माणूस अजून भितो. एकानेच बोलायचं, हळू, हात दिसतील असे ठेवून, दाराची वाट न अडवता. 'शांत व्हा' म्हणू नका, त्याने कुणी शांत होत नाही. 'काय झालं ते मला सांगा, मी इथंच आहे' असं म्हणा. पाणी द्या, ओळखीच्या पेशंटला जवळ बसू द्या, टीव्ही बंद करा. दहातल्या बऱ्याच वेळा पट्ट्यापर्यंत जावंच लागत नाही, मात्र त्यासाठी वीस मिनिटं लागतात आणि ती द्यावी लागतात.

बांधावंच लागलं तर पालथं कधीही झोपवू नका, श्वास कोंडतो. छातीवर, पाठीवर कुणी गुडघा टेकवणार नाही ते तुम्ही पाहा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आम्ही दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, नाडी, श्वास पाहून लिहीत असू. पाणी विचारायचं, लघवीला विचारायचं, अंगावर चादर घालायची. सुरू केल्याची वेळ, कारण, काय काय करून पाहिलं, कुणाच्या परवानगीने, सोडल्याची वेळ, सगळं केसपेपरवर. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांच्या आत कळवायचं. आणि सोडल्यावर, त्याच पाळीत, शेजारी बसून विचारायचं, 'तुम्हाला काय वाटलं तेव्हा? पुढच्या वेळी आम्ही आधी काय करावं?' हे कायद्यात नाही. पण एका मुलाने मला यावरच सांगितलं होतं, की मागून कुणी हात लावला की त्याला लहानपणचा मार आठवतो. ते आम्ही चार्टच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं आणि नंतर त्याला कधी बांधावं लागलं नाही.

ओळखीचं माणूस

आपली हॉस्पिटलं जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्यांची. कधी ना कधी तुमच्याच गावचं कुणी दाखल होतं. माझ्या माहेरच्या आळीतली एक मुलगी आली, तेव्हा मी तिलाच विचारलं, 'मी तुझं पाहिलेलं चालेल, की दुसऱ्या सिस्टरला देऊ?' तिने दुसरी सिस्टर मागितली. मला वाईट वाटलं, पण मी वॉर्ड बदलून घेतला. दिवाळीत घरी गेल्यावर आईनेसुद्धा विचारलं, 'ती तिकडे आहे म्हणे?' 'आई, मला तिथलं काही बोलता येत नाही' एवढंच म्हणायचं. 'नाही' असं खोटंही बोलायचं नाही, 'हो'ही नाही.

मोबाइलवर वॉर्डातला फोटो नको, पाठमोरासुद्धा नको, वाढदिवसाच्या केकचाही नको.

गुपिताला सीमा आहे. पेशंट म्हणाला, 'एक सांगतो, पण कुणाला सांगू नका,' तर ऐकायच्या आधीच सांगा, 'तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचं असेल तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल, बाकी माझ्यापाशी राहील.' आधी वचन देऊन मग मोडण्यापेक्षा हे बरं. आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्याला 'पोलीस केस होईल' असं कुणीही घाबरवू नये. कलम ११५ नुसार तो माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं. घरी जाताना त्याच्या हातात १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून द्या, मराठीतही बोलता येतं.

साडी, मिठाई, पाकीट घेऊ नका, स्वतःचा फोन नंबर देऊ नका. यावर मला जास्त काही म्हणायचं नाही.

'मला घरी जायचंय'

स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्याने घरी जायचं म्हटलं, तर 'मोठे डॉक्टर सोमवारी येतील' हे उत्तर चालत नाही. त्याला सोडावं लागतं. गंभीर कारण असेल तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. तेव्हा त्याने विचारलं ती वेळ लगेच लिहा आणि ड्यूटी डॉक्टरांना फोन करा. घड्याळ तिथून चालू होतं.

सहकारी चुकला तर

सगळ्यात अवघड हेच. कक्षसेवकाने पेशंटला थोबाडीत मारलेलं तुम्ही पाहिलं. तोच कक्षसेवक कालच्या रात्री तुमच्या मदतीला धावून आला होता. आधी पेशंटला बाजूला घ्या, जखम पाहा, डॉक्टरांना दाखवा. मग त्याच पाळीत लिहा, फक्त पाहिलेलं. 'बहुधा रागात असावा' नको. आणि 'मारहाण झाली' असंही नको, त्यात मारणारा दिसत नाही. 'रात्री १०.४० ला अमुक कक्षसेवकाने पेशंटच्या डाव्या गालावर उघड्या हाताने मारलं. गाल लाल. सूज नाही.' प्रत परिसेविकेला, तिने दाबली तर अधीक्षकांना. पेशंटला सांगा, की तक्रार या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य रिव्ह्यू बोर्डाकडे करता येते आणि मोफत कायदेशीर मदतीचा त्याला हक्क आहे. लिहायला कागद-पेन द्या. मी एकदा असं लिहिलं, तेव्हा दोन महिने डबा खायला माझ्याजवळ कुणी बसलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्याच वॉर्डातली एक कक्षसेविका हळूच म्हणाली, 'सिस्टर, मलापण एक लिहायचंय, कसं लिहू?'

पाळी संपली की जुडगा पुढच्या सिस्टरला मोजून द्या, आणि मोजता मोजता तिला सांगा: चार नंबरच्या बाईंनी आज गोळी नाकारली, तोंड कोरडं पडतं म्हणाल्या, डॉक्टरांना कळवलंय. पाण्याची बाटली उशाशी ठेवली आहे, ती रात्री भरून द्या.