दहा वॅटचा ॲम्प्लिफायर तुमच्या स्पीकरला पुरेल का? घरीच मोजून बघा

कमी वॅटचा पण मन लावून बनवलेला ॲम्प्लिफायर ऐकला, आवडला, आणि ‘एवढ्याने माझे स्पीकर चालतील का?’ या प्रश्नाशी गाडी अडली. माझ्या मते साध्या खोलीत बहुतेक वेळा चालतात. पण माझ्या मतावर पैसे घालू नका, मोजा.

आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे १ वॅटवर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो ते. इथे एक फसगत होते. बऱ्याच कंपन्या हा आकडा २.८३ व्होल्टवर देतात. ८ ओहमच्या (ओहम हे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचं माप) स्पीकरला तेवढ्यात १ वॅट मिळतो, ४ ओहमच्या स्पीकरला मात्र २. म्हणून ४ ओहमच्या आकड्यातून ३ डेसिबल वजा करा.

वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणून १० ऐवजी २० वॅट घेऊन फारसं काही हाती लागत नाही. खरा फरक स्पीकर पाडतो. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबलच्या आसपास, तर क्लिप्शहॉर्न या मोठ्या हॉर्न स्पीकरची कंपनी १०५ सांगते. तोच आवाज काढायला पहिल्याला दीडशे ते दोनशेपट वॅट लागतात!

आता मोजणी. ती सध्याच्या ॲम्प्लिफायरवरच करायची, नवा विकत घेण्याआधी. लागतो फक्त एक मल्टिमीटर आणि डिजिटल रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली ठेवलेला १०० हर्ट्झचा टेस्ट टोन (एकसारखा वाजणारा सूर). तुमचं सगळ्यात आवडतं, चढउतार असलेलं संगीत लावा आणि याहून मोठं कधीच ऐकणार नाही इथपर्यंत आवाज वाढवा. गाणं थांबवा, पण व्हॉल्यूमला हात लावू नका. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या एकाच चॅनेलच्या (डाव्या किंवा उजव्या स्पीकरच्या) लाल आणि काळ्या टर्मिनलला मीटरची टोकं लावा. ती एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर शॉर्ट होईल. त्याच प्लेअरवरून टोन काही सेकंदच वाजवा आणि आकडा टिपून घ्या.

त्या आकड्याला ४ ने गुणा, कारण १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये चौपट. आलेल्या उत्तराचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमने भागा. समजा मीटरने १ व्होल्ट दाखवला: ४ चा वर्ग १६, भागिले ८, म्हणजे २ वॅट. ड्रमच्या सगळ्यात जोरदार ठोक्यालाही तुम्हाला एवढेच लागतात. मीटरने २ व्होल्ट दाखवले तर ८ वॅट. मग १० वॅटचा ॲम्प्लिफायर जेमतेम पुरेल.

हे वॅट ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकाशी ताडून बघताना १० टक्के डिस्टॉर्शनवरचा (म्हणजे आवाज तेवढा बिघडल्यावरचा) फुगवलेला आकडा धरू नका. १ टक्क्याच्या आतला, तुमच्या स्पीकरच्या ओहमवरचा आकडा शोधा. स्पीकरचा इम्पीडन्स (ओहममधला तोच अडथळा, जो सुरानुसार बदलतो) मध्येच खूप खाली जात असेल तर ॲम्प्लिफायरला जास्त करंट द्यावा लागतो, आणि छोटे ॲम्प्लिफायर तिथेच दमतात. ३००बी या व्हॅक्यूम ट्यूबचा सिंगल-एंडेड (चॅनेलमागे एकच आउटपुट ट्यूब असलेला) ॲम्प्लिफायर जेमतेम ८ वॅट देतो. त्याच्यासाठी मी ९० डेसिबलच्या वरचा आणि इम्पीडन्स फारसा न हलणारा स्पीकरच निवडेन.

एक-दोन डेसिबलच कमी पडत असतील तर खुर्ची पुढे ओढा. ३ मीटरवरून दीड मीटरवर आलात की मोकळ्या जागेत ६ डेसिबल, म्हणजे चौपट वॅटइतका फायदा होतो. खोलीत त्याहून थोडा कमी.